शॉवरचा आर्म बदलताना : भिंतीआडच्या अर्ध्या इंचाची काळजी

न्हाणीघरातल्या ज्या वस्तूला आपण सरसकट शॉवर म्हणतो, ती खरे तर दोन वस्तूंची जोडी असते. ज्याच्या बारीक भोकांतून पाणी अंगावर पडते तो शॉवर, आणि भिंतीतून बाहेर येऊन त्याला डोक्यावर धरून ठेवणारी नळी म्हणजे त्याचा आर्म. शॉवर निवडताना घरातली सगळी मंडळी आपापले मत देतात. आर्म मात्र दुकानदार जो काढून देईल तो घेतला जातो. पुढे कधी त्या भिंतीला ओल धरली, तर तिचे मूळ पुष्कळदा या आर्मच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी सापडते. ते टोक बसवण्याचे काम अवघ्या अर्ध्या इंचाचे आहे आणि भिंत न फोडता घरच्या घरी करता येते. पण ते करण्यापूर्वी भिंतीच्या आत काय आहे, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे.

गिलाव्याखालून गरम आणि थंड पाण्याच्या दोन नळ्या मिक्सरपर्यंत, म्हणजे ही दोन्ही पाणी एकत्र करणाऱ्या नळापर्यंत येतात. जुन्या इमारतींत त्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, म्हणजे जीआयच्या असतात. नव्या बांधकामांत त्यांची जागा सीपीव्हीसी या फिकट पिवळसर प्लास्टिकच्या नळ्यांनी घेतली आहे. मिक्सरमधून एक तिसरी नळी भिंतीतूनच सरळ वर जाते आणि जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर एका एल्बोत संपते. एल्बो म्हणजे काटकोनात वळलेला जोड. त्याच्या न्हाणीघराकडच्या तोंडाला आतून आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांत आर्म पिळून बसवला जातो. सीपीव्हीसीच्या कामात एल्बोच्या तोंडात पितळेचा आटेदार तुकडा बसवलेला असतो, म्हणून प्लंबर त्याला ब्रास एल्बो म्हणतात. भिंतीचे भोक झाकण्यासाठी आर्मवर एक गोल चकती सरकवलेली असते, ती फ्लँज. ती लागली की एल्बो आणि आर्म यांचा जोड कोणाच्याच नजरेला पडत नाही.

गळती ओळखायची कशी

या रचनेतली एक गोष्ट ध्यानात ठेवली की निम्मे निदान तिथेच होते. पाण्याच्या वाटेवर शॉवरचा कॉक आधी येतो आणि आर्म त्याच्या पुढे असतो. कॉक बंद असताना आर्मच्या जोडावर पाण्याचा दाब नसतोच, त्यामुळे हा जोड सैल असला तरी तो फक्त आंघोळीच्या वेळी गळतो, आणि त्या वेळी सगळीकडेच पाणी उडत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. फ्लँजच्या मागे झिरपलेले पाणी एल्बोच्या भोवतीच्या पोकळीत उतरते, विटांमध्ये मुरते आणि काही आठवड्यांनी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला किंवा खालच्या घराच्या छतावर डाग होऊन दिसते. तोवर मूळ जागेपासून ते इतके लांब गेलेले असते की संशय आर्मवर जातच नाही.

याच्या उलट, आंघोळ झाल्यावरही शॉवरमधून तासन् तास थेंब पडत राहिले, तर दोष आर्मचा नाही. तो कॉकच्या आतल्या वॉशरचा किंवा कार्ट्रिजचा आहे आणि आर्म बदलून तो जाणार नाही. मोठ्या, सपाट शॉवरमध्ये कॉक बंद केल्यावरही थोडे पाणी अडकून राहते आणि मग पाच-दहा मिनिटे थेंब पडतात. तो दोष मानण्याचे कारण नाही.

आमच्या पुण्यातल्या घरी न्हाणीघराच्या भिंतीमागे निजायच्या खोलीतले कपाट आहे. काही वर्षांपूर्वी त्या कपाटामागच्या रंगाला पोपडे आले, आणि ज्याला दाखवावे तो न्हाणीघराची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करायला सांगत होता. तसे करण्यापूर्वी आम्ही आठ दिवस शॉवरला हात न लावता बादलीने आंघोळी केल्या. फरशी, मोरीची जाळी, सांडपाण्याची नळी, मिक्सर हे सारे रोजच्यासारखे वापरात होते. बंद होता तो एकटा शॉवर. सहाव्या दिवशी डागाची कड सुकून पांढरी पडू लागली. फरशीतून पाणी मुरत असते, तर बादलीच्या आंघोळीनेही ते मुरलेच असते. दाबाच्या नळीला भेग असती, तर तिथे चोवीस तास दाब असल्यामुळे डाग मुळीच सुकला नसता. उरला तो मिक्सरपासून आर्मपर्यंतचा टप्पा, आणि त्यात उघडून पाहता येण्यासारखा जोड एकच होता. ही बादलीची परीक्षा कोणालाही करता येते आणि तिला एक पैसा लागत नाही, म्हणून फरशीला हात लावण्यापूर्वी ती करावीच, असे मी आग्रहाने सांगेन.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे निदान लवकर करण्याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते. खालच्या घरात डाग उमटल्यावर शेजाऱ्यांशी बोलणी करण्यापेक्षा, तो उमटण्याआधी अर्ध्या इंचाचा जोड नीट करणे दोन्ही घरांच्या सुखाचे असते.

नवा आर्म घेताना

आर्मची दोन्ही टोके अर्ध्या इंचाच्या आट्यांची असतात, पण पट्टी लावून पाहिले तर तिथे अर्धा इंच कुठेच सापडत नाही. आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर भरतो. जुन्या काळी लोखंडी नळीच्या आतल्या पोकळीवरून तिचे माप सांगत, ते नाव तसेच चालत आले आहे. दुकानात याच मापाला १५ मिलिमीटर असेही म्हणतात. पाऊण इंची आटा मोजला तर साडेसव्वीस मिलिमीटरच्या आसपास येतो, त्यामुळे दोहोंत घोटाळा होण्याची भीती नाही. तरीही जुना आर्म बरोबर नेऊन दाखवणे सर्वांत सोपे.

आपल्याकडे नळांचे आटे ब्रिटिश पद्धतीचे असतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचे माप ठरवून दिले, त्यात दोन आट्यांमधल्या खाचेचा कोन ५५ अंशांचा होता, आणि नळांचे ब्रिटिश आटे त्याच कोनाचे आहेत. अमेरिकेत नळांच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हीकडे एका इंचात १४ आटे असल्यामुळे अमेरिकेतून कोणी आणलेला शॉवर आपल्या आर्मवर पहिले काही फेरे अगदी सहज चढतो, आणि तिथेच फसगत होते, कारण खाचा एकमेकींत पूर्ण बसत नाहीत. आट्यांवर गुंडाळायचा पांढरा टेप जास्त लावून शॉवरच्या बाजूला हे निभावून नेता येते. तिथे गळाले तरी ते डोळ्यांना दिसते आणि पाणी मोरीतच पडते. भिंतीच्या बाजूला मात्र अमेरिकी आट्यांचा आर्म कधीही बसवू नये. जे नजरेआड जाणार आहे, तिथे तडजोड करू नये, हा नियम या साऱ्या कामाला लागू आहे.

लांबीचा विचार दाबाबरोबर करावा लागतो. भिंतीपासून ९ इंच, १२ इंच, १५ इंच, १८ इंच अशा लांबीचे आर्म मिळतात, आणि छताखाली आडवे येणारे त्याहूनही लांब असतात. आर्म हा भिंतीत रोवलेला एक दांडा आहे आणि त्याच्या टोकाला जे वजन असेल ते भिंतीतल्या आट्यांना खाली ओढत असते. १८ इंचांच्या आर्मच्या टोकाला एक किलोचा पोलादी शॉवर लावला, तर आट्यांवर येणारा ताण ६ इंचांच्या आर्मला तीन किलो टांगल्याइतका असतो. त्यावर कोणी ओला टॉवेल किंवा पिळलेली जीन्स टांगली की हा ताण आणखी वाढतो, आणि रोज थोडा थोडा हलून टेप झिजतो. मोठा शॉवर हवाच असेल, तर जाड भिंतीचा पितळी आर्म घ्यावा किंवा छतातून येणारी जोडणी विचारात घ्यावी.

शॉवर किती मोठा असावा, हे आपल्या टाकीच्या उंचीवर ठरते. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब. सात मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गच्चीवरची टाकी पंधरा-सोळा मीटर वर असते, म्हणून तिथे दीड किलोच्या आसपास दाब मिळतो; सर्वांत वरच्या मजल्यावर तीच टाकी शॉवरच्या तोंडापासून जेमतेम तीन मीटरवर असते आणि दाब एक तृतीयांश किलोच्याही आत राहतो. वरच्या मजल्यावर बारा इंची पसरट शॉवर लावला तर पाणी धारेने न पडता कडांवरून ओघळते. तिथे लहान शॉवर आणि आखूड आर्म हीच जोडी बरी.

धातूंमध्ये क्रोमचा मुलामा दिलेले पितळ मला सर्वांत भरवशाचे वाटते. त्याचे आटे स्वच्छ कापले जातात आणि एल्बोतल्या पितळेशी त्याचे जमते. स्टेनलेस स्टीलचे आर्म स्वस्त आणि हलके असतात, पण पातळ पत्र्याच्या नळीवर पाडलेले आटे उथळ असतात. घेण्यापूर्वी नखाने चाचपून पाहावेत. लोखंडावर मुलामा दिलेला माल ओळखायला खिशात लहानसे चुंबक ठेवावे, पितळेला ते चिकटत नाही. प्लास्टिकचे आर्म कमी दाबाच्या आणि हलक्या शॉवरच्या जागी चालतात. जीआयच्या जुन्या एल्बोत पितळ किंवा स्टेनलेस स्टील बसवले, तर ओलाव्यात दोन भिन्न धातू एकत्र आल्याने लोखंड अधिक वेगाने गंजते, म्हणून अशा घरांत आर्म काढल्यावर एल्बोचे आटे कितपत शाबूत आहेत हे तपासूनच पुढे जावे.

जुना आर्म काढणे

आधी गच्चीवरचा किंवा डक्टमधला न्हाणीघराचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि गिझरचे बटण बंद करावे. वर सांगितल्याप्रमाणे कॉक बंद असेल तर आर्मच्या भोकातून पाणी यायला नको, पण काम करताना मिक्सरच्या दांडीला कोपर लागला तर काय होईल, याचा विचार करून ही खबरदारी घ्यायची. मोरीच्या जाळीवर एक फडके पसरावे, म्हणजे वॉशर किंवा गंजाचे तुकडे नळीत जाणार नाहीत. उभे राहायला ओल्या फरशीवर प्लास्टिकचे स्टूल घेऊ नये. जोर लावताना ते सरकते. घडीची शिडी घ्यावी आणि ती कोणाला तरी धरायला सांगावी.

प्रथम शॉवर काढून ठेवावा. मग फ्लँज भिंतीपासून सोडवून पुढे सरकवावा. तो सिलिकॉनने चिकटवलेला असेल तर पातळ पात्याने कडेने कापावा. आता भोकात बॅटरीचा उजेड टाकून आत काय दिसते ते पाहावे. पितळेचा पिवळा कडा दिसला तर ब्रास एल्बो आहे, तांबूस गंज दिसला तर जीआय.

आर्म घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा असतो. वाकडा आर्म असेल तर त्याची वाकलेली बाजूच दांड्याचे काम करते आणि दोन्ही हातांनी धरून तो बहुधा सुटतो. पान्याची गरज लागली, तर आर्मभोवती जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन वेढे गुंडाळावा आणि त्यावरून पाना धरावा; रबर धातूला घट्ट पकडते आणि मुलाम्यावर ओरखडा येत नाही. जीआयच्या एल्बोतला आर्म हलतच नसेल, तर गंज सोडवणारे तेल आट्यांवर सोडून अर्धा तास थांबावे आणि उलट फिरवण्यापूर्वी किंचित सुलट दिशेने कसावा. या लहानशा हालचालीने गंजाची पकड तुटते. सीपीव्हीसीच्या जवळ ज्योत कधीही नेऊ नये.

या सगळ्यात एक धोका खरा आहे, आणि त्यासाठी दोन माणसे हवीत. एकाने आर्म फिरवावा आणि दुसऱ्याने बॅटरी धरून भोकात पाहत राहावे. आर्म फिरत असताना एल्बो जागच्या जागी स्थिर राहिला पाहिजे. तो आर्मबरोबर जराही वळताना दिसला, तर त्याच क्षणी हात थांबवावा. एल्बो वळतो याचा अर्थ त्याच्याभोवतीचे सिमेंट सुटलेले आहे आणि आपला सगळा जोर खालच्या नळीच्या जोडावर जात आहे. तो जोड निखळला तर भिंत फोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा वेळी एक टाइल काढून, एल्बो पान्याने धरून काम करणारा अनुभवी प्लंबर बोलवावा. त्या एका टाइलचा खर्च वाचवायला जाऊ नये.

कधी आर्म आट्यांपाशीच तुटतो आणि त्याचे टोक एल्बोत राहते. एल्बो लोखंडी असेल, तर करवतीचे सुटे पाते आत घालून त्या तुकड्याला आतून उभी चीर द्यावी, तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी द्यावी, आणि मधली पट्टी आत दाबून तुकडा सैल करून काढावा. चीर एल्बोच्या आट्यांपर्यंत पोचू द्यायची नाही, म्हणून दर दहा-बारा ओढींनंतर थांबून पाहावे. ब्रास एल्बोत आर्मही पितळेचा आणि एल्बोचा तुकडाही पितळेचा असल्याने पाते कुठे थांबवायचे ते कळत नाही. ज्याने हे पूर्वी केले आहे त्यालाच ते करू द्यावे.

खोली मोजणे, आणि टेप

आमच्या घरचा आर्म निघाला तेव्हा ओलीचे कारण हातातच आले. पुढचे अडीच आटे तेवढे टेपने भरून दबलेले होते. त्यामागचे सगळे आटे कोरे आणि चकचकीत होते, जणू दुकानातून आजच आणलेले. प्लंबरने भोकात बोट घालून पाहिले आणि म्हणाला, "काका, आर्म चांगलाच आहे. एल्बो आत राहिलाय." न्हाणीघराच्या जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवून घेतल्या होत्या, त्यामुळे भिंत अर्ध्या इंचाने पुढे आली आणि एल्बो होता तिथेच राहिला. आर्मवरचे आटेच अर्ध्या-पाऊण इंचाचे असतात, त्यांतला बहुतेक भाग मधली पोकळी पार करण्यातच संपला होता. टाइल्सवर टाइल्स बसवण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे, आणि जिथे ती झाली आहे तिथे हा दोष हटकून पाहावा.

यावर उपाय म्हणजे एक्स्टेन्शन निप्पल. हा पितळेचा छोटा तुकडा असतो, त्याच्या एका टोकाला बाहेरून आणि दुसऱ्या टोकाला आतून आटे असतात. अर्ध्या इंचापासून पुढे निरनिराळ्या लांबीत तो मिळतो. लांबी ठरवायला भोकात पेन्सिल आडवी घालून तिचे टोक एल्बोच्या कडेला टेकवावे आणि टाइलच्या पातळीवर खूण करावी. निप्पल बसवल्यावर त्याचे बाहेरचे तोंड टाइलच्या पातळीत किंवा एक-दोन मिलिमीटर आत यायला हवे. पुढे आले तर फ्लँज भिंतीला टेकणार नाही, फार आत राहिले तर मूळचाच दोष परत येईल. निप्पलमुळे एकाचे दोन जोड होतात, म्हणून दोन्हींवर सारखीच मेहनत घ्यावी.

टेप लावण्यापूर्वी एल्बोतले आटे जुन्या टूथब्रशने साफ करावेत. जुन्या टेपचे आणि धाग्याचे तंतू एकूण एक निघाले पाहिजेत. मुलाम्याचे आटे फार गुळगुळीत असतील तर टेप त्यांवरून घसरतो, म्हणून करवतीच्या पात्याने ते हलकेच खरवडून घेण्याची प्लंबर लोकांची रीत अगदी योग्य आहे.

पांढरा टेप टेफ्लॉनचा असतो. हा पदार्थ रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने सापडला, आणि त्याला जवळजवळ काहीच चिकटत नाही हा त्याचा मुख्य गुण. म्हणून टेप गोंदासारखा चिकटून गळती थांबवतो, ही समजूत चुकीची आहे. तो आट्यांमधल्या बारीक फटी दाबाने भरून काढतो आणि निसरडा असल्यामुळे आर्म आणखी एक-दोन फेरे आत जाऊ देतो. आपल्याकडे आट्यांच्या मानकात, आयएस ५५४ मध्ये, बाहेरचा आटा निमुळता असतो, दर १६ मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने वाढतो. असा आटा जसजसा आत जातो तसतसा पाचरीसारखा घट्ट होतो. पुष्कळ आर्मचे आटे मात्र सरळच कापलेले असतात, तिथे पाचर बसत नाही आणि सगळी मदार टेपवर येते. त्यामुळे तीन-चार वेढे देऊन भागत नाही. बाजारातल्या पातळ टेपचे दहा ते पंधरा वेढे लागतात.

आट्यांचे टोक आपल्या तोंडाकडे धरावे आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावा. उलटा गुंडाळला तर आर्म पिळताना तो उलगडत मागे गोळा होतो. पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे टेपचे तुकडे नळीत जाऊन शॉवरची भोके बुजवणार नाहीत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यावा आणि टेप इतका ताणून धरावा की त्याखाली आट्यांच्या कडा उठून दिसतील. पूर्वीचे कारागीर सुती धागा आणि सफेदा, म्हणजे एक तेलकट पांढरा लेप, वापरत, आणि जीआयच्या खडबडीत आट्यांवर ती पद्धत आजही उत्तम चालते. पण सीपीव्हीसीच्या प्लास्टिकला काही तेलकट लेप मानवत नाहीत, तिथे टेपच बरा. ब्रास एल्बोत गरजेपेक्षा जास्त टेप कोंबून जोराने पिळण्याचाही मोह टाळावा, कारण पितळेचा तुकडा पसरून त्याभोवतीचे प्लास्टिक तडकू शकते.

बसवणे आणि तपासणे

आर्म लावण्यापूर्वी फ्लँज त्यावर चढवला आहे ना, हे पाहावे. काटकोनी आर्मवर तो नंतर चढत नाही, आणि घट्ट बसलेला जोड केवळ फ्लँजसाठी पुन्हा उघडावा लागतो.

सुरुवातीचे दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी द्यावेत. आटा तिरका चढत असेल तर तो इथेच अडतो, आणि पान्याने रेटण्यापेक्षा काढून पुन्हा लावणे केव्हाही चांगले. त्यानंतर हाताने घट्ट होईपर्यंत आणि शेवटी साधारण एक-दीड फेरा जोर लावून फिरवावा. शेवटी आर्मचे तोंड बरोबर खाली यायला हवे आणि इथे बहुतेकांची चूक होते. तोंड जरा पुढे गेले की माणूस ते मागे फिरवून सरळ करतो. टेप लावलेला जोड मागे फिरवला की दबलेला टेप सुटतो आणि भिंतीआड फट राहते. एका फेऱ्यात आर्म १.८ मिलिमीटर आत जातो, म्हणून खालची जागा हुकली तर पुढचा फेरा पूर्ण करून पुन्हा खाली आणावा. तेवढा वाव नसेल, तर आर्म काढावा, टेप पूर्ण सोलून टाकावा आणि नव्याने गुंडाळावा. टेपची गुंडाळी फार तर चहाच्या दोन कपांइतक्या पैशांत येते. ती वाचवू नये.

शॉवर लावण्याआधी आर्मच्या मोकळ्या तोंडाखाली बादली धरून मिनिटभर पाणी सोडावे, म्हणजे गंजाचा आणि टेपचा कचरा वाहून जाईल. मग त्या तोंडावर अर्ध्या इंचाची कॅप घट्ट बसवावी, मिक्सर शॉवरकडे वळवावा आणि फक्त थंड पाण्याचा कॉक उघडावा. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे आता टाकीचा पूर्ण दाब जोडावर येतो, जो रोजच्या आंघोळीत कधीच येत नाही. गरम पाण्याचा कॉक बंदच ठेवावा. दोन्ही उघडले तर एका बाजूचे पाणी दुसऱ्या नळीत शिरते. फ्लँज पुढे सरकवून, जोडाभोवती वर्तमानपत्राची कोरडी पट्टी गुंडाळावी आणि वीस मिनिटे तशीच ठेवावी. बोटाला न कळणारा ओलावाही वर्तमानपत्रावर गडद होऊन दिसतो. पट्टी कोरडी निघाली तर काम झाले. ओली निघाली तर आणखी कसून भागवण्यापेक्षा जोड उघडून नव्याने टेप लावावा.

त्यानंतर कॅप काढून शॉवर लावावा. त्याच्या आत रबरी वॉशर असेल तर तिथे टेपची गरज नसते. बोअरचे पाणी असलेल्या घरांत शॉवरच्या भोकांत पांढरे क्षार साचतात. त्यामुळे पाणी कमी पडते हे सर्वांना दिसते, पण भोके बुजली की अडलेल्या पाण्याचा दाब मागे भिंतीतल्या जोडावर वाढतो, हे सहसा ध्यानात येत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा शॉवर काढून व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात अर्धा तास बुडवावा आणि भोके अंगठ्याने चोळून धुवावीत. यापेक्षा जास्त वेळ ठेवल्यास मुलामा मंद पडतो.

फ्लँज भिंतीला टेकवताना त्याची कड सिलिकॉनने बंद करायची, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी भोकात जाणार नाही. पण ती चहूबाजूंनी बंद करू नये. वरचा भाग आणि दोन्ही बाजू भरून घ्याव्यात आणि अगदी तळाशी बोटभर जागा उघडी ठेवावी. पुढे कधी आतला जोड सैल झालाच, तर पाणी भिंतीत मुरण्याऐवजी त्या फटीतून टाइलवर उतरेल आणि आंघोळीनंतर फ्लँजच्या खाली एक ओली रेघ दिसेल. घरातल्या प्रत्येकाला ती जागा एकदा दाखवून ठेवावी.